यानसाहेबाचा फुगा

यानसाहेब आमच्याकडे राहिला जेमतेम अठरा दिवस. पण त्याचे किस्से मोजायला बसलात तर माणूस निदान दोन वर्षं माल्यात मुक्काम ठोकून होता असं वाटेल. एक किस्सा सांगून संपत नाही तोवर दुसरा दारात उभाच असतो, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात आपल्या घरचं मीठ घालतो. मी तर साहेबाचा दुभाष्या, त्यामुळे माझं मीठ जरा जास्तच. तरी पुढे सांगतोय ते बहुतेक खरं आहे. जिथं मी पदरचं घातलंय तिथं तसं कबूल करीन, मग तर झालं?

मी तेव्हा माल्याच्या शाळेत मास्तर होतो. वय पंचवीस, इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण आसपासच्या चार गावांत तेवढंच उपलब्ध. चीनची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती.

* * *

एका सकाळी शाळेसमोर एक जीप थांबली. मागे गाडा जोडलेला, त्यावर ताडपत्री. आतून एक ताडमाड गोरा उतरला, उन्हानं टोमॅटो झालेला. पाच मिनिटांत निम्मं गाव गोळा झालं.

साहेबानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "यान."

आता यान म्हणजे वाहन, एवढं संस्कृत मला येत होतं. मी लगेच गावाला अर्थ सांगितला, की हे वाहनाबद्दल बोलताहेत. निवृत्ती शेडगे म्हणून आमच्याकडचा पैलवान, तो जीपकडे बघायला लागला. साहेबानं मान हलवली, पुन्हा छाती ठोकली आणि पुन्हा म्हणाला, "यान!"

निवृत्ती मला म्हणाला, "गुर्जी, ह्यो सोताच वाहन हाय जनू."

बऱ्याच वेळानं उलगडा झाला. साहेब हॉलंडचा, आणि यान हे त्याचं नाव! मी ओशाळलो. पण मग त्यानं ताडपत्री काढली, आत घड्या घातलेलं रंगीत कापड, एक भलीमोठी वेताची टोपली आणि लोखंडी टाक्या दाखवल्या. टाक्यांतला गॅस पेटवून ह्या कापडात गरम हवा भरायची, की फुगा होतो आणि टोपलीतली माणसं आभाळात जातात, असं सांगितलं. तेव्हा मी गावाला ठणकावून म्हटलं, की बघा, मी यान म्हटलं ते काही अगदीच चूक नव्हतं.

साहेब जीप घेऊन देशोदेशी फिरत होता. जिथं जाईल तिथं फुग्यातून सूर्योदय बघायचा, एवढाच त्याचा उद्योग. आमच्या धरणाचं आणि डोंगरांचं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. मी हे सगळं भाषांतर करून सांगितलं. गाव विचारात पडलं. शेवटी पोलीस पाटील बाबूराव यांनी अतिशय सहानुभूतीनं विचारलं, "का वं, त्येंच्या मुलखात उगवत न्हाई व्हय?"

* * *

दुसऱ्या दिवशी पहाटे साहेबानं शाळेच्या पटांगणात फुगा भरून दाखवला. टोपलीच्या वर, माणसांच्या डोक्यावर हातभर अंतरावर, गॅसचा बंब. तो पेटला की असा भरारा आवाज करायचा की गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायच्या.

सगळे मागं सरले. एक भागूआत्या तेवढी पुढं गेली. भागूआत्या साठीच्या पुढची, शाळेमागे राहायची, मला रोज ताक आणून द्यायची. तिनं बंब बघितला, टोपली बघितली, आणि म्हणाली, "चूल वर आन मानूस खाली. शिजायचं कोन म्हनायचं ह्यात?"

हसलो आम्ही सगळे. मग तिनं हळूच विचारलं, की ह्यातनं धरणावर जाता येतं का.

कारण सांगतो. आत्याचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. लग्न होऊन ती माल्याला आली, दोन पंचम्या माहेरी करून आली, आणि तिसऱ्या पंचमीला जायला गावच उरलं नाही. निघताना दारात उभ्या राहिलेल्या आईचं ती अजून सांगायची. माणसं कुठं कुठं पांगली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही गावांची जोती, देवळांचे दगड उघडे पडतात. त्या गावची माणसं जाऊन बघून येतात, नारळ फोडून येतात. आत्याचं गाव खोलगटात, ते कधीच उघडं पडत नाही. काठावर उभं राहिलं की नुसती पाण्याची चकाकी. चाळीस वर्षं बाई काठावरनं परत येत होती.

मी साहेबाला विचारलं. तो म्हणाला, पाणी इतकं उतरलेलं असताना सरळ वरून पाहिलं तर तळ दिसू शकतो, नक्की सांगता येत नाही.

मी भाषांतर केलं, "आत्या, साहेब म्हणतो, तुमचं अंगण दिसेल."

हे पहिलं पदरचं. त्या दिवसापासून आत्या रोज ताकाबरोबर विचारायची, "सायेब कवा न्येनार?"

* * *

टोपलीत बसायचं तर आधी वजन करावं लागे. साहेबाचा तो नियमच होता. भाताच्या गिरणीतला काटा शाळेत आणला आणि वर जाऊ इच्छिणाऱ्यांची रांग लावली.

आमच्याकडे पोत्याचं वजन करतात, माणसाचं नाही. बायका म्हणाल्या, जिवंत माणूस तोलला की त्याला उतरती कळा लागते. त्यामुळे निम्मी रांग तिथंच फुटली. उरलेल्यांत बाबूराव पाटील पहिले. पाटील काट्यावर उभे राहिले, वजनं ठेवता ठेवता गिरणीवाला दमला. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मला सांगितलं, की ह्या गृहस्थांना न्यायचं तर दुसरं कुणी नेता येणार नाही, हे एकटेच दोन माणसांइतके भरतात.

पाटलांना हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "पाटील, साहेब म्हणतो, तुम्ही एकटे दोघांच्या बरोबरीचे."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी हे पौडाच्या बाजारापर्यंत पोचवलं.

भागूआत्या मात्र काट्यावर चढताना कचरली नाही. उतरती कळा लागायची ती लागू दे म्हणाली. तिचं वजन आणि माझं वजन मिळून बरोबर एक पाटील झाला.

* * *

पहिल्या खऱ्या उड्डाणात साहेब आणि मीच होतो. सूर्य डोंगराच्या कडेवर आला तेव्हा आम्ही एवढे उंच होतो, की माझ्या शाळेचं कौलारू छप्पर तळहाताएवढं दिसत होतं. मला सारखं वाटत होतं, कुणीतरी हाक मारून खाली ये म्हणेल.

पण फुग्याला सुकाणू नसतं. वारा नेईल तिकडे जायचं. वाऱ्यानं आम्हाला नेलं ते दगडू मारण्याच्या भाताच्या खाचरात. खाचर कोरडं होतं, पण बांध नुकताच घातलेला. टोपली बांधाला धडकली, आडवी झाली, आम्ही दोघं एकमेकांवर पडलो, आणि तो प्रचंड फुगा सगळ्या शेतावर पसरला.

दगडू काठी घेऊन आला. त्यानं जन्मात असलं काही पाहिलेलं नव्हतं. तो कापडाकडे बघेना, बंबाकडे बघेना. बांधाकडे बघितलं, मग साहेबाकडे बघितलं, आणि म्हणाला, "सायेब, वाट त्या अंगाला हाय. वाट सोडून का चालता?"

मी हे साहेबाला सांगितलं. साहेबानं टोपी काढून दगडूची माफी मागितली, आणि आम्ही तिघांनी मिळून बांध नीट केला. साहेबाला बांध घालता येत नव्हता, ते दगडूनं जाता जाता गावभर सांगितलं.

* * *

साहेबाला मराठी शिकायची फार हौस. रोज संध्याकाळी मी त्याला एक क्रियापद चालवून दाखवायचो. एका संध्याकाळी 'जाणे' झालं. मी जातो, तू जातोस, तो जातो.

दुसऱ्या पहाटे फुगा भरला. चार दोर, चार माणसं धरायला, त्यांचा मुकादम निवृत्ती. साहेब एकटाच जायचा होता. त्यानं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, हात वर केला आणि खणखणीत मराठीत म्हणाला, "मी जातो!"

चौघांपैकी एकानंही दोर सोडला नाही.

साहेबाला वाटलं, ऐकू गेलं नाही. तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "मी जातो! जातो!" निवृत्तीनं बाकीच्यांना दम भरला, की खबरदार कुणी सोडाल तर. साहेबानं बंब वाढवला. दोर ताठ झाले, माणसं टाचांवरून चवड्यांवर आली, आणि बघता बघता निवृत्ती जमिनीपासून दोन हात वर लोंबकळायला लागला. तरी सोडेना.

मी इंग्रजीत ओरडलो, की साहेब, जातो म्हणू नका, येतो म्हणा. साहेब वरून म्हणाला, येतो म्हणजे आय कम, तुम्हीच परवा शिकवलंत, आणि मी तर जातोय.

त्याचं व्याकरण अगदी बरोबर होतं, हीच तर पंचाईत. निवृत्ती लोंबकळत म्हणाला, "गुर्जी, त्येनला सांगा, जातो म्हनून गेलेला मानूस आमच्यात माघारी येत न्हाई. म्या न्हाई सोडायचा."

शेवटी साहेब वैतागून म्हणाला, "येतो!"

चौघांनी एकदम दोर सोडले. फुगा सुटला तो थेट वर, आणि निवृत्ती खाली बसला तो दोन दिवस नीट बसू शकला नाही. साहेबानं मात्र तो शब्द पक्का केला. त्यानंतर शाळेत आत शिरतानाही तो "येतो" म्हणायचा, आणि तेव्हा ते बरोबरच असायचं.

* * *

एकदा उतरताना फुगा करवंदीच्या जाळीत अडकला आणि वावभर फाटला. साहेबाचा चेहरा पडला. मी पौडाला गेलो आणि रहिमानभाईंना घेऊन आलो. रहिमानभाई म्हणजे तिथले जुने शिंपी. चष्मा नाकाच्या टोकावर, तोंडात सुई आणि बोलणं त्या सुईच्या बाजूनं.

त्यांनी पटांगणभर पसरलेल्या फुग्याला एक फेरी मारली. पायानं चालत मारली, तेव्हा कुठं टोक आलं. मग आपली मशीन बैलगाडीतून आणवली आणि दोन दिवस शिवत बसले. मधून मधून हॉलंडच्या शिलाईला नावं ठेवत होते. टाका उथळ आहे म्हणाले, आणि ज्यानं शिवलं त्याच्या उस्तादाला काय वाटत असेल म्हणाले.

काम झालं. साहेबानं शिवण बोटांनी ओढून बघितली आणि खूश झाला. मग त्याचा हात फुग्याच्या तोंडाशी एका जागी थांबला. तिथं एक खिसा होता. झाकणाचा, बटण लावलेला.

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी रहिमानभाईंकडे.

रहिमानभाईंनी तोंडातली सुई काढली. "एवढं कापड," ते म्हणाले, "आन एक खिसा न्हाई? बरं दिसत न्हवतं."

साहेब पुढे त्यात हातरुमाल ठेवायचा.

* * *

हे सगळं चाललं होतं आणि एकेक टाकी संपत होती. कधी वारं उलटं, कधी धुकं, कधी फाटलेला फुगा. आत्याची पाळी येतच नव्हती. सतराव्या दिवशी साहेबानं सांगितलं, की आता एकच टाकी उरली, आणि आभाळ भरून यायला लागलंय, उद्या पहाटे शेवटचं उड्डाण. वारं मात्र धरणाकडे जाणारं मिळेल.

एक उड्डाण, आणि उमेदवार दोन. भागूआत्या आणि बाबूराव पाटील. पाटलांचा हक्क डावलता येत नव्हता. साहेबाला गावात राहू दिलं त्यांनीच, तो हेर आहे म्हणणाऱ्यांना गप्प केलं त्यांनीच. त्यांनी व्याह्यांना, मेहुण्यांना, सगळ्यांना फुगा बघायला बोलावून ठेवलं होतं. आत्याला कुणी काही सांगितलं नाही. तिला कळलं होतं. त्या दिवशी तिनं ताक आणून ठेवलं आणि काही न विचारता गेली. अंगण दिसेल असं तिला सांगणारा मीच होतो.

पहाटे फुगा भरला. पाटील फेटा बांधून आले, मागे सगळे पाहुणे. आत्या नऊवारी नेसून लांब शाळेच्या जोत्यावर बसली होती, नुसती बघायला. पाटील टोपलीपाशी गेले, एक पाय वर टाकला, आणि थबकले. मग मोठ्यानं, पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं तिच्या! आज माझा उपास हाय. उपाशी मानसानं वर जाऊ न्हाई."

वार होता मंगळवार. पाटील मंगळवारचा कसलाही उपास करत नव्हते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पाटलांनी पाय खाली घेतला आणि माझ्यावर डाफरले, "गुर्जी, बघताय काय? आत्याला घ्या की."

* * *

फुगा वर निघाला तेव्हा नुकतं फटफटत होतं. साहेब, आत्या आणि मी. आत्यानं टोपलीची कड दोन्ही मुठींनी धरली होती. पाण्यावर आलो आणि सूर्य वर आला. साहेबानं बंब बंद केला. इतकं शांत झालं, की कुठल्यातरी काठावरचा कोंबडा स्वच्छ ऐकू आला.

आत्यानं गावाची खूण म्हणून दोन डोंगर आणि एका ओढ्याची जागा आधीच सांगून ठेवली होती. त्या खुणेवर मी वाकून बघितलं. साहेबाचं म्हणणं खरं निघालं. हिरव्या पाण्याखाली दगडांच्या दोन सरळ ओळी होत्या, आणि पलीकडे एक गोल. विहीर असेल, खळं असेल. बस, एवढंच.

"आत्या," मी म्हटलं, "आलं. बघा."

तिनं डोळे गच्च मिटलेले होते.

"आलं का?" तिनं विचारलं.

"आलं. खाली बघा."

"बरं," ती म्हणाली. पण डोळे उघडले नाहीत. मी तीनदा सांगितलं. साहेबानं खुणेनं सांगितलं. तिच्या मुठी तेवढ्या आणखी घट्ट झाल्या. वारं कुणासाठी थांबत नाही, ते दगड मागं गेले, आणि थोड्या वेळानं आम्ही पलीकडच्या वाळलेल्या गाळात उतरलो. घाबरली असेल, दुसरं काय! मला हळहळ वाटत राहिली, आणि पाटलांना काय तोंड दाखवायचं हेही कळेना.

जीपनं परत आलो तर शाळेच्या ओट्यावर सगळं गाव. पाटील पुढं होऊन म्हणाले, "दिसलं न्हवं, आत्या?"

आत्या तांब्याभर पाणी प्यायली आणि पदर सारखा करून सांगायला लागली. वेस दिसली. वेशीतून आत वळणारी गल्ली दिसली. घर दिसलं, घरापुढचं सारवलेलं अंगण दिसलं. अंगणात तुळस, तिला नुकतंच पाणी घातलेलं. बायका डोळे पुसत ऐकत होत्या. पाटलांचा चेहरा असा फुलला होता, जसे काही तेच जाऊन आले. मी खाली मान घालून उभा.

दगडू मारणे मागून म्हणाला, "पान्याखाली तुळस ऱ्हाती व्हय, आत्या?"

आत्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "गुर्जींना इचारा. त्ये व्हते की संगं."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. पाटील वळले, निवृत्ती वळला. दगडांच्या दोन ओळी आणि एक गोल, एवढंच मी बघितलं होतं. पण अठरा दिवस भाषांतर करून माझ्या जिभेला वळणच तसं लागलं होतं.

"दिसली की," मी म्हटलं. "तुळस दिसली. आणि दारात एक बाई उभी होती. वर बघत होती."

हे दुसरं पदरचं. दगडूनं मान डोलवली. बायकांत एक सुस्कारा निघाला, आणि लोक आपापसात बोलायला लागले.

आत्या तेवढी ओट्यावरून उठली, त्या गर्दीतून माझ्यापाशी आली, आणि माझी बाही धरून कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली,

"हिरवं लुगडं व्हतं का वं, गुर्जी?"